लिहून देणार

दुय्यम निबंधक कार्यालयातून परतताना गाडी गावच्या फाट्याला वळली, तेव्हा मागच्या सीटवर बसलेल्या थोरल्या आत्याने कोणाकडेही न बघता विचारले, "माझ्या वाट्याला किती येत हुतं गं?" शेजारी मी बसले होते, म्हणून प्रश्न मला होता, पण ऐकला सगळ्यांनी. पुढे बसलेल्या माझ्या वडिलांनी खिडकीची काच थोडी खाली केली. गाडी चालवणारा चुलतभाऊ समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला वाट देण्यात गुंतला. काका म्हणाले, "आक्का, आता त्याचं काय? झालं की सगळं." आत्या लगेच म्हणाली, "तसं न्हवं, आपलं सहज इचारलं," आणि मांडीवरची साडीची पिशवी तिने दोन्ही हातांनी नीट धरली. ती साडी काकूने सकाळी निघण्यापूर्वीच, हळदीकुंकू लावून, ओटी भरून दिली होती. तासाभरापूर्वी आत्याने वडिलोपार्जित जमिनीवरचा आपला हक्क दोन भावांच्या नावे सोडला होता, आणि आपण नेमके किती सोडले हे तिला ठाऊक नव्हते.

कार्यालयात काही वावगे घडले नव्हते, हे आधी सांगायला हवे. कोणी आवाज चढवला नाही, कोणी तिला खोटे सांगितले नाही. आमचा क्रमांक लागेपर्यंत दोन अडीच तास गेले. बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी बाकावर बसून आम्ही चहा घेतला, आणि काका-आत्या लहानपणीच्या एका पुराच्या आठवणीत मनापासून रमले. आत गेल्यावर कॅमेऱ्यासमोर तिला पदर सारखा करायला सांगितला, फोटो निघाला. पण अंगठ्याचा ठसा काही केल्या उमटेना. ऑपरेटरने तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला, पुन्हा काचेवर दाबला. वर्षानुवर्षे भांगलण, शेणामातीचे काम आणि भांडी यांत तिच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत, आणि यंत्राला ते हात वाचता येत नव्हते. अखेर बऱ्याच खटपटीने एकदाचा ठसा लागला. "राजीखुशीने देताय ना?" असे विचारले गेले, ती "व्हय" म्हणाली, आणि पुढच्या क्रमांकाचा पुकारा झाला.

दस्त मी तिथेच वाचला. त्यात माझे वडील आणि काका "लिहून घेणार" होते, आत्या "लिहून देणार". तिने हा दस्त स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता, बहीण-भावाच्या नैसर्गिक प्रेमापोटी लिहून दिला होता, आणि यापुढे सदर मिळकतीवर तिचा अगर तिच्या वारसांचा कोणताही हक्क, अधिकार वा हितसंबंध राहणार नव्हता. गट नंबर होते, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र होते, आकाराचे रुपये-पैसे होते, पूर्वेला कोणाचा गट आणि दक्षिणेला कोणता ओढा हेही होते. फक्त तिच्या वाट्याच्या जागी "माझा असलेला संपूर्ण अविभक्त हिस्सा" एवढेच शब्द होते.

नऊ एकर वीस गुंठ्यांचा हिशेब त्या कागदावर होता. आक्काच्या वाट्याचा नव्हता.

तो हिशेब मी त्या रात्री मांडला. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. जमीन काळी, पाण्याखालची, ऊस, आले आणि घेवडा घेणारी. ती आजोबांना त्यांच्या वडिलांकडून आली. आजोबा १९९९ मध्ये गेले, आजी २०१४ मध्ये. मृत्युपत्र नाही, नोंदवलेली वाटणी नाही. मागे दोन मुलगे आणि दोन मुली. थोरल्या आत्याचे लग्न १९७८ मध्ये झाले आणि धाकटीचे फेब्रुवारी १९९५ मध्ये, आणि या दोन तारखांनी एकाच आईच्या दोन लेकींना कायद्यापुढे काही काळ दोन वेगळ्या घरच्या करून टाकले होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यातला वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः मिळणारा हक्क मुलग्यांपुरताच ठेवला. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २२ जून १९९४ पासून, मुलीलाही तो जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र ज्यांची लग्ने त्या दिवसापूर्वी झाली होती त्यांना वगळले. म्हणजे नंतर लग्न झालेली धाकटी आत्या भावांच्या बरोबरीची झाली आणि सोळा वर्षे आधी सासरी गेलेली थोरली मागे राहिली. त्या कायद्याने आमच्या जमिनीची, आजीचा वाटा तिच्या मागे चौघांत वाटून, फोड केली तर दोन भाऊ आणि धाकटी आत्या यांना प्रत्येकी ११४ गुंठे येतात आणि थोरलीला ३८. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीने लग्न झालेली आणि न झालेली हा भेद पुसला. तरी बाप त्या तारखेआधीच वारला असेल तर काय, हा प्रश्न उरला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलींच्या विरोधात कौल दिला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी, विनीता शर्मा खटल्यात, तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो फिरवला: हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही. त्या निकालानंतर आमच्या घरचे गणित अगदी सोपे झाले. चौघे भावंडे, चौघांना सारखे. ९५ गुंठे. दोन एकर पंधरा गुंठे.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला फोन करून आकडा सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन एकर पंधरा? म्हंजी हिरीवरचं आख्खं रान की!" तिच्या दृष्टीने तो आकडा नव्हताच. विहिरीवरच्या त्या रानात लग्नाआधीपर्यंत तिने रात्री-अपरात्री पाण्याची दारे धरली होती, घेवडा तोडला होता, आजीबरोबर बांधावर भाकरी खाल्ली होती. त्या रानाचा कोणता कोपरा उपळतो आणि कुठे पाणी लवकर मुरते हे तिला आजही सांगता येते. माझ्या चुलतभावाला ते यंत्राने रान सपाट केल्यापासून सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, "मी दिलंच असतं गं. माझ्या भावांनी मला कधी परकं केलं न्हाई. पर एकदा मला म्हणायचं हुतं, घ्या म्हणून."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. हक्कसोडाबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दोन टोकांची असते. बहिणीने वाटा मागितला तर ती लोभी, आणि भावाने सही मागितली तर तो लबाड. आमच्या घरात लोभी कोणी नव्हते आणि लबाडही कोणी नव्हते. आत्याला जमीन नको होती. वडील आणि काका यांना तिला फसवायचे नव्हते. त्यांना फक्त दोघांत वाटणी करून घ्यायची होती, आणि वाटणीपत्राच्या आधी बहिणींचे हक्कसोड लागते असे वकिलांनी सांगितले होते. त्यामुळे ते काम "कागदपत्रांच्या पूर्ततेत" जमा झाले. आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, सातबाराचे उतारे, बहिणींच्या सह्या. बहिणीच्या मायेवर भावांचा इतका भरवसा होता की तिला विचारावे असे कोणाला वाटलेच नाही. मी वडिलांशी बोलले तेव्हा ते दुखावले. "आक्काला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती का?" ते म्हणाले. नसती म्हणाली, हे मलाही माहीत होते. पण ज्याला नाही म्हणण्याची खरी मुभा आहे त्याच्या होकारालाच दानाचे मोल असते, आणि ते मोल आत्याच्या सहीला मिळायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

जुने फेरफार पाहिले की हे आज सुरू झालेले नाही हेही दिसते. आजोबांच्या मागे जो वारस फेरफार झाला त्यात कब्जेदार म्हणून वडिलांचे नाव लागले, नावापुढे ए. कु. क., म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. दोन्ही आत्यांची नावे गेली ती "इतर हक्क" या रकान्यात, सोसायटीच्या बोजाच्या आणि विहिरीतल्या पाणी-हिश्शाच्या नोंदीखाली. गावोगावच्या सातबारावर अशा बहिणी आहेत. नाव आहे, पण कर्ज आणि पाणीवाटप यांच्या रांगेत. २०२५ मध्ये राज्य सरकारने "जिवंत सातबारा" मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली, तेव्हा मला फार बरे वाटले होते, कारण कित्येक बायकांचे नाव आयुष्यात पहिल्यांदा जमिनीच्या कागदावर येणार होते. ते आलेही. पण आमच्याच भावकीत मी पाहिले की नाव लागल्यानंतर पहिले पाऊल पडले ते हक्कसोडाचे. एका फेरफाराने बाई आत आली, पुढच्या फेरफाराने बाहेर गेली, आणि मधल्या काळात तिने तो उतारा स्वतःच्या हातात घेऊन पाहिलासुद्धा नाही.

भावांची बाजू मला परकी नाही. मी त्याच घरची आहे. काकांनी नदीवरून पाइपलाइन आणली तेव्हा त्यासाठी काढलेले कर्ज फेडता फेडता त्यांचे केस पांढरे झाले. पडीक असलेला खालचा तुकडा त्यांनी गाळ भरून वहिवाटीला आणला. दोन वर्षे आल्याला कंद कुजव्या लागला आणि हाती काही लागले नाही, त्या वर्षांत कोणत्याही बहिणीच्या घरून पैसे आले नाहीत, आणि येण्याची अपेक्षाही नव्हती. आजी शेवटची पाच वर्षे अंथरुणावर होती. तिचे सगळे या घराने केले. हे श्रम आणि हा खर्च वाटणीच्या वेळी मोजायलाच हवा, आणि मोजताही येतो. सुधारणेचा खर्च, फेडलेले कर्ज, आईवडिलांचे आजारपण हे सगळे समोर ठेवून भाऊ म्हणू शकतात की आक्का, तुझा वाटा एवढा येतो, आम्ही एवढे घातले आहे, आता तूच सांग. ही बोलणी अवघड आहेत, कदाचित एखाददुसऱ्या वेळी आवाजही चढेल. पण ती टाळून थेट कोऱ्या प्रेमाचा हवाला देऊन सही घेतली जाते, तेव्हा भावाच्या श्रमांचाही हिशेब होत नाही आणि बहिणीच्या त्यागाचाही नाही.

दुसरा मुद्दा लग्नाच्या खर्चाचा. "तिच्या लग्नात बाबांनी वरचं रान गहाण टाकलं होतं" हे वाक्य आमच्या घरी अनेकदा ऐकले आहे. रान गहाण पडले होते हे खरे आहे. पण त्या पैशांतले आत्याच्या हाती काय आले? हुंडा सासऱ्यांनी घेतला, तोही हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून अस्तित्वात असताना. मानपान व्याह्यांना गेले, जेवणावळी गावाने जेवल्या. भांडी तिच्या नावाची होती, ती सासरच्या सामाईक चुलीला लागली. पुढे ते रान सोडवून घेतले गेले आणि भावांच्या वहिवाटीत आले. मुलांच्या लग्नात मांडव पडले, वडिलांच्या शिक्षणासाठी साताऱ्यात खोली घेतली, तो खर्च त्यांच्या वाट्यातून वजा करावा असे कोणी कधी म्हणाले नाही. मलाही तसे म्हणायचे नाही. लेकरांवर केलेला खर्च वाट्यातून वजा करू नये, एवढेच माझे मत आहे, आणि ते मुलींनाही लागू असावे.

काकूबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आजीचे अंथरूण-पांघरूण, तिची औषधे, तिच्या पाठीला झालेल्या जखमांची मलमपट्टी, रात्रीचे उठणे हे सारे काकूने केले. आत्याला साडी देताना तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खोटे नव्हते, कारण बऱ्याच वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या आपल्या माहेरी तिनेही अशीच सही करून अशीच साडी घेतली होती. "आपली रीतच आहे," ती मला म्हणाली. "मी न्हाई केलं का?" माहेरच्या जमिनीवरून तिचे नाव गेले आहे आणि सासरच्या जमिनीवर ते कधी आलेलेच नाही. चाळीस वर्षे जिने त्या रानात काम केले तिच्या नावे एक गुंठाही नाही. शेतकरी महिला आघाडीचे चांदवडचे अधिवेशन १९८६ मध्ये झाले. पुढे शरद जोशींनी "लक्ष्मीमुक्ती"ची हाक दिली, आणि कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या हयातीत बायकोच्या नावे जमीन केली. आमच्या भागातही तेव्हा सभा झाल्याचे वडील सांगतात. मला त्या हाकेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते: नवऱ्याने हयातीत, गावासमोर, स्वतः होऊन नाव लावावे अशी ती अपेक्षा होती. त्यात बाईला मागावे लागत नव्हते.

मागावे लागणे हीच तर खरी अडचण आहे. आत्याची पिढी ज्याला भिते ते गरिबीला नव्हे, माहेर तुटण्याला. भाऊबीजेला भावाने यावे, नातीच्या लग्नात मामाकडचे माणूस म्हणून भाच्याने उभे राहावे, आणि सासरी काही उणेअधिक झाले तर जायला एक उंबरा असावा, एवढ्यासाठी बाई दोन एकर सोडते. तिला वेडी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वयाच्या साठीनंतर, नवरा गेलेला, मुलगा पुण्यात भाड्याच्या घरात, अशा बाईला भावाचे दार उघडे असणे याची किंमत कोणत्या बाजारभावाने करायची? ती व्यवहार जाणते, आणि तिच्यापुरता तो व्यवहार बरोबरही असेल. मला खुपते ते हे की हा सौदा तिच्यापुढे कोणी ठेवत नाही, तरी तो गृहीत धरला जातो. जमीन मागितली तर माहेर जाईल, हे आमच्या घरात कोणीही उच्चारलेले नाही. तरीही गाडीत आत्याने प्रश्न विचारला आणि पुढच्याच श्वासात तो मागे घेतला.

राज्याने केलेली व्यवस्थाही एकाच दिशेने सोपी आहे. वडिलोपार्जित मिळकतीतला वाटा बहिणीने भावाला विनामोबदला सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र, आणि एका सकाळीत काम होते. त्यामागचा हेतू चांगला आहे, कुटुंबातले वाटप स्वस्तात व्हावे हा. पण तीच बहीण वाटा घ्यायचा म्हणाली आणि भाऊ तयार नसले तर दिवाणी दावा, मोजणी, तारखा, अपील आणि त्यात जाणारी वर्षे. आणि एकदा नोंदवलेले हक्कसोड पुढे रद्द करून घ्यायचे तर फसवणूक किंवा दडपण न्यायालयात सिद्ध करावे लागते. प्रेमापोटी केलेल्या सहीत फसवणूक कुठून सिद्ध होणार? म्हणून जे काही व्हायचे ते सहीच्या आधीच व्हायला हवे.

जमिनीचे तुकडे पडतील ही भीती मी समजू शकते, पण ती बहिणीच्याच वेळी का आठवते हे मला समजत नाही. आमच्या पणजोबांच्या जमिनीचे चार भावांत चार तुकडे झाले तेव्हा ती रीत होती. शिवाय वाटा असणे म्हणजे रानात मधोमध बांध घालणेच नव्हे. बहीण आपला वाटा भावालाच खंडाने कसायला देऊ शकते. विकायचा म्हटले तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार तो आधी घेण्याचा हक्क इतर वारसांना आहे, आणि शेतजमिनीलाही ते कलम लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे परका माणूस बांधावर येऊन उभा राहील ही धास्ती बऱ्याच अंशी कायद्यानेच दूर केलेली आहे. घराच्या बाबतीतही पूर्वी भाऊ वाटणी करेपर्यंत बहिणीला राहत्या वाड्यात वाटणी मागता येत नसे. ते कलम २००५ मध्ये रद्द झाले. हे तपशील आमच्याकडे पारावर कोणी सांगत नाही. बिनशेती कशी करायची हे मात्र सगळ्यांना पाठ आहे.

फोंड्याकडची माझी एक मैत्रीण हे सगळे ऐकून चकित झाली. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याने मुलगा-मुलगी बरोबरीचे वारस आहेत, आईबापांना मुलांचा वाटा मृत्युपत्राने पुरता काढून घेता येत नाही, आणि सर्वसाधारणपणे नवरा-बायको एकमेकांच्या मिळकतीत निम्म्याचे धनी असल्याने जमीन विकताना जावयाची आणि सुनेचीही सही लागते. वाटणीसाठी इन्व्हेंटरीची रीतसर प्रक्रिया आहे, आणि तिच्यात मिळकतींची यादी आणि प्रत्येकाचा हिस्सा कागदावर मांडला जातो. तिथेही बहिणी हक्क सोडतात, हे तिनेच सांगितले. आणि वारसांची यादी लांबत गेल्याने कुलूप लागून पडलेली मोठमोठी घरेही तिने दाखवली. तेव्हा तिकडे सगळे उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. पण तिच्या आईने भावाला घर सोडले तेव्हा घराचा कितवा हिस्सा आपण सोडतो आहोत हे तिला माहीत होते, आणि भावालाही तो आपण कोणाकडून घेतला हे माहीत आहे. माझ्या मनात घोळत असलेली गोष्ट तेवढीच आहे.

म्हणून हक्कसोड पत्रच नको, असे माझे मत नाही. बहिणीला आपले देऊन टाकण्याचाही हक्क आहे आणि तो काढून घेणारा कायदा मला नको. मला हवे आहे ते असे की सही मागण्याआधी तिचे नाव कब्जेदाराच्या रकान्यात लागावे आणि तो सातबारा तिच्या हातात द्यावा. दस्तात "अविभक्त हिस्सा" या शब्दांपुढे एकर-गुंठ्यांत आकडा लिहावा आणि त्या दिवशीच्या सरकारी मूल्यांकनाने त्याची किंमतही. मसुदा आठ-पंधरा दिवस तिच्या घरी राहावा, तिच्या मुलामुलींनी तो वाचावा, आणि भावांच्या वकिलाखेरीज दुसऱ्या एखाद्या वकिलाने तो तिला समजावून सांगावा. यासाठी पैसे नाहीत ही सबब खरी नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठीची समिती तालुक्याच्या न्यायालयातच असते. इतके झाल्यावर बहीण म्हणाली, घ्या, तर भावाने ते दोन्ही हातांनी घ्यावे, आणि साडी त्यानंतर द्यावी.

धाकट्या आत्याने अजून सही केलेली नाही. ती ठाण्याला असते; त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही म्हणून आली नव्हती. थोरलीने तिला गाडीतला प्रश्न आणि माझे उत्तर दोन्ही सांगितले असावे, कारण चार दिवसांत तिचा वडिलांना फोन आला की मसुदा पाठवा आणि आधी माझे नाव इतर हक्कांतून काढून वर लावा. काका महिनाभर घुश्श्यात होते. "शिकलेल्या बायका अशाच," असेही म्हणून झाले. वडील दोन दिवस गप्प होते, आणि मग त्यांनी स्वतः गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज लिहून दिला. त्यात त्यांनी थोरल्या आत्याचेही नाव घातले होते, तिचा हक्क सोडून झाला आहे याची आठवण तिथल्या कारकुनाला करून द्यावी लागली. भाऊबीजेला काका ठाण्याला गेले. जाऊ की नको असे त्यांचे चालले होते, पण गेले, आणि आल्याची पिशवी आणि नवा घेवडा घेऊन गेले. जेवणानंतर त्या दोघांत जमिनीबद्दल पहिल्यांदा आकड्यांत बोलणे झाले, असे आत्याने मला सांगितले. पाइपलाइनचे किती, आजीच्या आजारपणाचे किती, खालच्या तुकड्याला गाळ भरायचे किती. काकांना ते सांगताना बरे वाटले असावे. इतकी वर्षे त्यांनाही ते कोणी विचारले नव्हते.

नवा मसुदा माझ्या भावाने करून घेतला आहे. त्यात ९५ गुंठे हा आकडा अक्षरी आणि अंकी लिहिलेला आहे. धाकटी आत्या त्यातले सगळे सोडेल, काही ठेवेल की मुळीच सोडणार नाही, हे तिने ठरवलेले नाही आणि घरात कोणी तिला घाई करत नाही. भावाने मला विचारले की उद्या आपली वेळ आली तर तू काय करशील. मी त्याला सांगितले की माझे नाव आणि माझे गुंठे आधी लागू देत, मग आपण दोघे बसून बोलू. "म्हणजे घेणार तू?" तो म्हणाला. मी अजून ठरवलेले नाही, आणि तसेच त्याला सांगितले.